उत्तरायुष्यात ग्राफिक डिझाइन : जुना अनुभव हेच भांडवल

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे तालुक्याचे गाव करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भोवती कपाशीची शेती आणि पलीकडे वणी परिसरातील कोळशाच्या खाणी. ग्राफिक डिझाइन हा शब्द उच्चारला, की महानगरातील वाचकाच्या डोळ्यांसमोर जाहिरात संस्थांची वातानुकूलित कार्यालये येतात, मारेगाव येत नाही. पण अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्याने दहा मिनिटे चालावे आणि नजरेस पडणारी अक्षरे मोजावीत. कृषी केंद्रांच्या पाट्या, बियाण्यांच्या पिशव्या, दवाखान्यातील तक्ते, शिकवणी वर्गांची पत्रके, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, बचत गटाच्या पापडांची पाकिटे. ही सारी अक्षरे आणि चित्रे कोणीतरी मांडलेली असतात. काही चांगली, बहुतेक घाईघाईने. महानगरापासून इतक्या दूरही या कामाची गरज आहे आणि ते नीट करणाऱ्यांची वाण आहे.

याच ठिकाणी एक प्रश्न उभा राहतो. चाळिशी-पन्नाशीत पूर्वीचे काम सुटलेली किंवा नकोसे झालेली माणसे आज गावोगावी आणि शहरोशहरी आहेत. विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बँक कर्मचारी, बंद पडलेल्या छापखान्यातील कामगार, मुले मोठी झाल्यावर स्वतःचे काही करू पाहणाऱ्या गृहिणी. लहानपणी चित्रकलेची आवड होती, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या, पुढे संसारात ते सारे मागे पडले, असे सांगणारे त्यांत पुष्कळ भेटतात. या वयात ग्राफिक डिझाइनसारख्या, तरुणांच्या समजल्या जाणाऱ्या क्षेत्रात प्रवेश करता येईल का? या प्रश्नाचे ‘अवश्य’ किंवा ‘अशक्य’ असे एका शब्दातले उत्तर देणारे सल्लागार अनेक आहेत. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. सोडून आलेल्या कामाकडे आपण कसे पाहतो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

व्यवसायाचे स्वरूप

संगणकावर चित्रे काढणे म्हणजे ग्राफिक डिझाइन, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. सांगायचे असलेले काही, अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांच्या साहाय्याने, ज्याला सांगायचे त्याच्यापर्यंत नेमके पोहोचवणे, हे या व्यवसायाचे खरे काम. अमेरिकन कलाकार विल्यम ड्विगिन्स याने १९२२ मध्ये ‘ग्राफिक डिझाइन’ हा शब्दप्रयोग रूढ केला असे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाचा आरंभ त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९३५ मध्ये, मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाल्याने झाला. पुढे त्यातूनच उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था निर्माण झाली. आपल्याकडे ‘उपयोजित कला’ हा शब्द स्थिरावला, तो अर्थपूर्ण आहे. ही कला कोणाच्या तरी उपयोगी पडावयाची आहे. ती भिंतीवर टांगण्यासाठी नाही.

हा भेद उत्तरायुष्यात या क्षेत्राकडे वळणाऱ्याने आरंभीच ध्यानी घ्यावा. संगणकाची अवजारे काही महिन्यांत हाताळता येतात. नजर तयार होण्यास मात्र वर्षे लागतात. दोन ओळींत किती अंतर असावे, कोणता शब्द ठळक करावा, कोणता गाळावा, रंग कोठे थांबवावा, हे पाहून, करून आणि पुन्हा पाहूनच उमगते. कोणासाठी काम करावयाचे त्याची ओळख तर कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही, ती आयुष्यातून येते. येथे प्रौढ माणसाची बाजू भक्कम असते.

महाराष्ट्राने पाहिलेली दोन स्थित्यंतरे

प्रौढ वयात या क्षेत्रात येणे ही नवलाची गोष्ट नाही. महाराष्ट्रात गेल्या चार दशकांत माणसांचे असे दोन मोठे समूह या वाटेने गेले आहेत. त्यांच्यावर कोणी लेख लिहिले नाहीत, एवढेच.

पहिला समूह छापखान्यांतील जुळाऱ्यांचा. शिशाचे खिळे एकेक करून उचलावयाचे, ओळ बांधावयाची, पान बांधावयाचे आणि छपाई झाल्यावर तेच खिळे पुन्हा आपापल्या घरांत टाकावयाचे, असे हे काम. १९८० च्या दशकात फोटो-कंपोझिंग आणि त्यापाठोपाठ डीटीपी आले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, भारतीय लिप्यांचे संगणकीकरण वेगाने पुढे सरकले आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टसंचांमुळे मराठी मजकूर घरबसल्या जुळवता येऊ लागला. जिल्ह्याजिल्ह्यांतील छापखान्यांत खिळ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या. ज्या जुळाऱ्यांनी कळफलक शिकून घेतला ते टिकले, आणि त्यांतील अनेकांची पाने नव्या मुलांपेक्षा सरस उतरत. संगणक त्यांनाही नवा होता. पान मात्र जुने होते. समास किती सोडावा, शीर्षक कोठे तोडावे, कोणत्या जोडाक्षरापाशी घोळ होतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते.

दुसरा समूह पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचा. चालू शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स छपाईची यंत्रे जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावी पोहोचली. हाताने रंगवलेली पाटी दोन दिवसांची, फ्लेक्स दोन तासांचा. काही वर्षांतच बहुतेकांचे काम ओसरले. कित्येक पेंटर मजुरीकडे वळले, काहींनी घरे रंगवण्याची कामे धरली. थोड्यांनी मात्र कोरल ड्रॉ शिकून संगणकापुढे बैठक मांडली. हाताला अक्षराचे वळण होतेच. जाड आणि बारीक रेघ कोठे बदलते, वीस फुटांवरून काय वाचता येते आणि काय येत नाही, याचा त्यांना अनुभव होता. दोन्ही वेळा एकच गोष्ट सिद्ध झाली. यंत्र बदलले तेव्हा जुने ज्ञान घेऊन नव्या यंत्राकडे गेलेला माणूस तरला. ते जागच्या जागी धरून बसलेल्यांचे काम गेले, आणि ते टाकून नवखा झालेल्यांनाही झगडावे लागले.

इतिहासातील दाखले

जगाच्या अक्षर-इतिहासातही उशिरा आलेल्यांची परंपरा आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल हा आधी सुलेखन शिकवीत असे, थडग्यांवरील अक्षरे कोरत असे. पुढे लाखेच्या चकचकीत वस्तूंच्या धंद्यात त्याने पैसा मिळवला. चाळिशी उलटल्यावर, १७५० च्या सुमारास, तो अक्षरमुद्रा आणि छपाईकडे वळला आणि १७५७ मध्ये त्याचा पहिला ग्रंथ, व्हर्जिलचे काव्य, प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाची अक्षरमुद्रा आजही वापरात आहे. विल्यम मॉरिसने ‘केल्मस्कॉट प्रेस’ सुरू केला तो १८९१ मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी. मात्र दोघांच्याही हाती पैसा होता, हे दाखले देताना विसरू नये.

हॅरी बेकचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तो लंडनच्या भुयारी रेल्वेतील सिग्नल विभागात आरेखक होता, नकाशाकार नव्हता. १९३१ मध्ये त्याने रेल्वेमार्गांचा एक वेगळाच नकाशा रेखाटला. अंतरांचे प्रमाण सोडून दिले आणि मार्ग केवळ सरळ व तिरप्या रेषांनी दाखवले, विजेच्या जोडणीचा आराखडा दाखवावा तसे. प्रवाशाला गाडी कोठे बदलावयाची एवढेच हवे असते, किती मैल हे नको असते, हे त्याने ओळखले. १९३३ मध्ये तो नकाशा छापला गेला आणि पुढे जगभरातील रेल्वेनकाशांचा आदर्श ठरला. कल्पना बेकला कलाशाळेने दिली नव्हती. ती त्याच्या जुन्या कामातून आली होती.

मराठी माणसाला दोन नावे सांगता येतील. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता. त्यांनी एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी केली आणि तीत राहूनच व्यंगचित्रे, पुस्तकांची सजावट व ‘ललित’ची मुखपृष्ठे केली. नोकरी न सोडता दुसरे काम उभे करता येते, आणि ते दुय्यम दर्जाचे असावे लागत नाही, हा त्यांचा धडा. दुसरे नाव र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे. जाहिरात क्षेत्रात कला-दिग्दर्शक म्हणून नाव मिळवल्यानंतर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापनासाठी गेले. पुढे साठीच्या आसपास राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्थेत भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरमुद्रांवर त्यांनी काम केले. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. बोरू आणि कुंचल्यावर वाढलेल्या या माणसाने संगणकाला परके मानले नाही.

सोडून आलेले काम काय देते?

आता पुन्हा यवतमाळ जिल्ह्याकडे येऊ. २०१७ च्या खरीप हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कारणे अनेक होती. औषधांची अनिर्बंध मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, वाढलेल्या उंच कपाशीत शिरून केलेली फवारणी, ही त्यांपैकी काही. पण एक बाजू मांडणीचीही आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कायद्याने चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. वरच्या त्रिकोणात पहिल्या, म्हणजे लाल प्रकारातच कवटीचे चिन्ह असते.

ही भाषा ज्याने ठरवली त्याच्या दृष्टीने ती स्पष्ट आहे. पण शेतात हिरवा रंग हा पिकाचा, भरभराटीचा रंग. पिवळा पाने रोगट झाल्याचा. निळ्याला धोक्याचा अर्थ नाहीच. लाल सोडला तर बाकीचे रंग शेतकऱ्याला आपोआप काही सांगत नाहीत, आणि सूचनांचे घडीचे पत्रक इतक्या बारीक अक्षरांत असते की ते उघडून वाचण्याची शक्यता थोडीच. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या भागांत कोलाम आणि गोंड समाजाची वस्ती आहे. तेथील वडीलधाऱ्यांना मराठीतील तांत्रिक मजकूर परकाच वाटतो.

कल्पना करा, वीस वर्षे शेतकऱ्यांच्या बांधावर फिरलेला एखादा कृषी कर्मचारी उत्तरायुष्यात मांडणीचे काम शिकला. फवारणीविषयीचा भित्तितक्ता त्याच्या हाती आला, तर तो काय करील? तो आधी मजकूर कमी करील. वाऱ्याची दिशा, नाका-तोंडावरचे फडके, उपाशीपोटी फवारणी नको, कपडे वेगळे धुवावेत, डबा पाण्यासाठी वापरू नये, अशा पाच गोष्टी पाच चित्रांत मांडील. चित्रातील माणूस ओळखीचा वाटेल, त्याच्या पाठीवरचा पंप खराखुरा असेल. तक्ता कृषी केंद्राच्या गल्ल्याच्या मागे न लावता औषध हातात घेतले जाते तेथे लागेल, याची तो काळजी घेईल. आणि छापण्यापूर्वी चार मजुरांना दाखवून ‘यातून काय समजले?’ असे विचारील. विशीतला कुशल तरुण हाच तक्ता कदाचित अधिक देखणा करील. पण चुकीच्या जागी देखणेपण कामाचे नसते. येथे प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे.

हेच इतर व्यवसायांनाही लागू आहे. प्राथमिक शिक्षकाला ठाऊक असते, की पहिलीतल्या मुलाला ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. बँकेत काम केलेल्या बाईंना अर्जातील कोणत्या रकान्यापाशी खातेदार अडखळतो हे पाठ असते. परिचारिकेला औषधाच्या चिठ्ठीतील कोणती ओळ रुग्ण चुकीची समजतो हे दिसलेले असते. या माणसांनी ग्राफिक डिझाइनमध्ये येताना ‘मी काहीच येत नसलेला नवखा’ म्हणून येऊ नये. आपल्या जुन्या क्षेत्राचा मांडणीकार म्हणून यावे. वयाचा एक छोटा लाभही आहे. ज्याच्या नाकावर चाळिशी चढली आहे, त्याला अक्षर किती बारीक असू नये हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मराठी अक्षराची जाण

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती लिपीची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. हा अर्धा र ज्या फॉन्टमध्ये नीट उमटत नाही, तो मराठीच्या उपयोगाचा नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे आणि अक्षरांच्या आकारांचे प्रमाणीकरण केले. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श या मराठीच्या परिचित वळणांचा पुरस्कार होता. हिंदीसाठी घडवलेले अनेक फॉन्ट दुसरे वळण वापरतात. सामान्य वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पत्रिका ‘आपली’ वाटत नाही एवढे जाणवते.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टांची. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की त्याचा अर्थहीन चिन्हांचा ढीग होतो. मोबाइलवरून आलेला मजकूर आज युनिकोडमध्ये असतो आणि कित्येक दुकानांत तो पुन्हा हाताने टंकला जातो. चुका तेथेच शिरतात. नव्याने येणाऱ्याने युनिकोडपासूनच आरंभ करावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट, किंवा मराठीची वळणे जपणारा ‘टिरो देवनागरी मराठी’, हे विनामूल्य व खुल्या परवान्याचे आहेत. चोरीचे फॉन्ट वापरण्याची आता गरजही उरलेली नाही.

शिक्षणाच्या वाटा

औपचारिक शिक्षणाचा विचार करताना वयाची अट आधी तपासावी. पदवीपूर्व बी.डेस. अभ्यासक्रमांसाठीच्या ‘यूसीड’ परीक्षेला वयोमर्यादा आहे, म्हणून चाळिशीतल्या माणसाने तिच्यामागे लागू नये. याउलट, एम.डेस. प्रवेशासाठीच्या ‘सीड’ या परीक्षेला वयाची मर्यादा नाही आणि ती कितीही वेळा देता येते. बारावीनंतर किमान तीन वर्षांचा पदवी किंवा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केलेला हवा, मग तो कोणत्याही विषयातील असो. आयआयटी मुंबईतील औद्योगिक अभिकल्प केंद्राची स्थापना १९६९ ची आणि या परीक्षेचे आयोजनही तीच आयआयटी करते. स्पर्धा तीव्र असते, दोन वर्षे पूर्णवेळ द्यावी लागतात. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याला हे क्वचितच शक्य होते. पण दार बंद नाही, हे माहीत असावे.

विदर्भातील वाचकांसाठी नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तेथील उपयोजित कलेचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर चार वर्षांचा आहे. त्याहून सोपी वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर’ हा दहावीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आयटीआयच्या यादीत आहे आणि या योजनेत प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही. आपल्या तालुक्याच्या संस्थेत तो चालतो की जिल्ह्याला जावे लागेल, याची चौकशी मात्र करावी लागते. ज्यांना नोकरी सांभाळून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘डीसोर्स’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. इंकस्केप, गिम्प आणि स्क्रायबस ही मुक्त सॉफ्टवेअर सामान्य संगणकावर चालतात.

तीन महिन्यांत ‘मास्टर डिझायनर’ बनवण्याची जाहिरात करणाऱ्या वर्गांबाबत सावध राहावे. भरमसाट शुल्क भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : येथे सॉफ्टवेअरच्या आज्ञा शिकवतात, की केलेले काम समोर ठेवून त्यावर चर्चा होते? दुसरी गोष्ट नसेल तर पहिली घरी बसूनही शिकता येते.

नियमांची माहिती

चांगल्या मांडणीकाराकडे ग्राहक पुन्हा येतो, ते बहुधा त्याच्यामुळे अडचण टळली म्हणून. बचत गटाच्या पापडाच्या पाकिटाचे उदाहरण घेऊ. त्यावर शाकाहाराची खूण, म्हणजे हिरव्या चौकोनात हिरवा गोल, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. हे माहीत नसलेल्याने केलेले सुंदर पाकीट हजारोंच्या संख्येने छापून फुकट जाऊ शकते, आणि ते नुकसान अशा घरांचे असते ज्यांना ते झेपत नाही.

निवडणुकीच्या काळात छापखान्यांना भरपूर काम असते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-अ नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. या गोष्टी शासकीय किंवा कचेरीच्या कामातून आलेल्या माणसाला चटकन समजतात. कागदपत्रांची सवय हीसुद्धा शिदोरीच आहे.

अर्थकारण आणि नवे आव्हान

आता सर्वांत कठीण भागाकडे वळू. तालुक्याच्या गावी ‘डिझाइन’चे वेगळे पैसे देण्याची रीत नाही. ग्राहक छपाईचे पैसे देतो, मांडणी त्यात धरली जाते. लग्नसराई, सण आणि निवडणुका यांत काम उतू जाते. कापूस विकला जाईपर्यंतचे महिने कोरडे जातात. उधारी हा स्थायीभाव. त्यामुळे केवळ मांडणीवर घर चालवण्याची अपेक्षा पहिल्या एक-दोन वर्षांत धरू नये. जुने उत्पन्न चालू असताना संध्याकाळी आणि सुट्टीत काम सुरू करावे, निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, दर लेखी द्यावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि किती वेळा दुरुस्ती करून मिळेल हे आधीच सांगावे.

मोठे यंत्र घेण्याची घाई करू नये. फ्लेक्स वा डिजिटल छपाईचे यंत्र कर्ज काढून घेतले, की कर्जाच्या हप्त्यासाठी मिळेल ते काम घ्यावे लागते आणि मांडणी मागे पडते. छपाई वणी, यवतमाळ किंवा नागपूरहून करून घेता येते. संगणक आणि साध्या प्रिंटरसाठी भांडवल लागलेच, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंतचे कर्ज मिळण्याची तरतूद आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासूनचा आहे, पण त्यात सर्वसाधारण अर्जदारासाठी ४५ वर्षांची मर्यादा घातलेली होती. अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात ताजे नियम पाहून घ्यावेत.

यात भर पडली आहे ती तयार साच्यांची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या कॅनव्हासारख्या सेवांमुळे वाढदिवसाचे शुभेच्छापत्र आता कोणीही मोबाइलवर करतो. २०२२ नंतर शब्दांवरून चित्र तयार करणारी साधने सर्वांच्या हाती आली. ज्याचा सारा व्यवसाय साचेबंद फ्लेक्सवर उभा आहे, त्याची गत जुन्या पेंटरांसारखी होण्याचा धोका खरा आहे. हे लपवून कोणालाही या क्षेत्रात बोलावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या साधनांनी केलेल्या चित्रांतील मराठी जोडाक्षरे अजूनही तपासून घ्यावी लागतात, पण ही उणीव दूर होईल, तिच्या भरवशावर कोणी राहू नये. जे यंत्राला सहज जमत नाही तिकडे लक्ष द्यावे. ग्राहकाला नेमके काय हवे आहे हे त्याच्याशी बोलून काढून घेणे, मजकूर अचूक करणे, नियम सांभाळणे, छापून आलेले काम तपासणे आणि चुकले तर जबाबदारी घेणे. ही सगळी कामे अनुभवी माणसाची आहेत.

कोणी यावे, कोणी थांबावे?

ज्याला आपल्या चित्रांचे कौतुक व्हावे एवढीच इच्छा आहे, त्याने चित्रकला छंद म्हणून जोपासावी. ग्राहकाने सांगितलेला चौथा बदल त्याला सोसवणार नाही. ज्याला तातडीने पैसा हवा आहे, त्यानेही थांबावे. ही वाट सावकाश फळ देणारी आहे. ज्याला तासन् तास संगणकापुढे बसणे पाठीने वा डोळ्यांनी शक्य नाही, त्याने वैद्यकीय सल्ला घेऊनच निर्णय करावा.

मात्र बसथांब्यावरील वेळापत्रक वाचताना ज्याला ‘हे असे का लावले आहे?’ हा प्रश्न पडतो, शाळेची सूचना वाचून जो मनातल्या मनात तिची वाक्ये पुन्हा जुळवतो, त्याने अवश्य आरंभ करावा. कामाचा पहिला नमुना काल्पनिक असण्याची गरज नाही. आपल्याच गावातील एक वाईट तक्ता निवडावा. आरोग्य उपकेंद्रातील लसीकरणाचे वेळापत्रक, ग्रामपंचायतीच्या दाखल्यांची यादी, विहिरीजवळची सूचना, काहीही. तो नीट मांडून, दोन-चार लोकांना दाखवून, दुरुस्त करून संबंधितांना द्यावा. अशी तीन कामे हाती असली, की ग्राहकाला दाखवायला काहीतरी खरे असते, आणि आपल्याला हे काम झेपते की नाही, आवडते की नाही, याचा निवाडाही नोकरी सोडण्यापूर्वीच होतो.

बास्करव्हिल असो, बेक असो की तालुक्याच्या गावचा नाव नसलेला पेंटर, नव्या कामात त्यांनी आपले जुने हात सोबत नेले. चाळिशीनंतर दिशा बदलणाऱ्याने मागच्या वीस वर्षांवर काट मारू नये. त्या वीस वर्षांत ज्या माणसांत तो वावरला, त्यांना समजेल असे लिहिणारे आणि मांडणारे आजही फार थोडे आहेत.